रिले ओढत नव्हता, घोळ बेसच्या रेझिस्टरचा

१२ व्होल्टचा रिले (कॉइलमधल्या करंटने ओढला जाणारा स्विच) बीसी ५४७ ट्रान्झिस्टरवर चालवत होतो. त्याच्या बेसकडे, म्हणजे नियंत्रणाच्या पायाकडे, ५ व्होल्ट येत होते, तरी रिले ओढेना आणि ट्रान्झिस्टर कोमट. आधी ट्रान्झिस्टरच बदलला, फरक नाही. मग मीटर कलेक्टर-एमिटर या बाकीच्या दोन पायांवर धरला: तब्बल ४.८ व्होल्ट! पूर्ण चालू असता तर ०.२ च्या आसपास दिसले असते. म्हणजे ट्रान्झिस्टरचा नळ अर्धवटच उघडला होता. बेसला ४७ किलोओहमचा रेझिस्टर होता. त्यातून जेमतेम ०.०९ मिलिअँपिअर करंट जात होता आणि कॉइलला हवे ३०. स्विच म्हणून वापरताना गेनच्या (बेसचा करंट किती पट वाढतो त्याच्या) भरवशावर राहू नका, कलेक्टर करंटचा दहावा भाग बेसला द्या. १.५ किलोओहम लावला, रिले खटकन ओढला. कॉइलवर उलटा डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) मात्र हवाच. बंद होताना उसळणारं व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारतं.