हेल्मेट घालून स्पोर्ट्स कार चालवताना मान दुखते? सीट अशी लावून घ्या

रेसिंग ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी नेलेल्या माणसाची तक्रार बहुधा ठरलेली असते: वीस मिनिटांत मान भरून आली. मग हेल्मेटच्या वजनाला दोष दिला जातो. वजन असतंच, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट साधारण सव्वा ते पावणेदोन किलोचं असतं. पण दुखण्याचं मूळ बरेचदा डोक्याच्या मागे, हेडरेस्टमध्ये असतं.

रस्त्यावरच्या गाडीचं हेडरेस्ट मुद्दाम डोक्याच्या अगदी जवळ ठेवलेलं असतं, म्हणजे मागून धडक बसली तर मान झटक्याने मागे जात नाही. हा हिशेब उघड्या डोक्याचा. हेल्मेट चढवलं की मागच्या बाजूला तीन-चार सेंटिमीटर जाडी वाढते आणि डोकं तेवढंच पुढे ढकललं जातं. हनुवटी छातीकडे येते आणि समोर बघायला डोळे वर करावे लागतात. अशा वाकलेल्या मानेने वळणं घ्यायची. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-साडेसहा किलो, आणि १ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराच्या वळणात तेवढाच भार मानेला आडवा ओढतो. गादी कितीही मऊ असली तरी यावर तिचा काही उपयोग नाही.

आधी हेल्मेट, मग सीट

गाडी उभी, इंजिन बंद. ट्रॅकवर घालणार तेच बूट, तेच हातमोजे आणि तेच हेल्मेट घाला आणि कंबर सीटच्या कोपऱ्यात पूर्ण मागे रेटून बसा. कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. आपली मान किती पुढे गेली आहे हे आतून कळत नाही, फोटोत लगेच दिसतं.

मोटरसायकलचं हेल्मेट वापरत असाल तर त्याची मागची बाजू बघा. हवा कापण्यासाठी तिथे शेपटीसारखा उंचवटा असतो, आणि तो नेमका हेडरेस्टवर टेकतो. कार रेसिंगसाठीची स्नेल एसए प्रमाणित हेल्मेटं (स्नेल ही हेल्मेटं तपासणारी संस्था) आगीच्या चाचणीतून गेलेली असतात आणि गाडीतल्या रोल बारवर (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान) आदळण्याचाही विचार त्यांत केलेला असतो. स्नेलच्याच मोटरसायकलसाठीच्या एम प्रमाणपत्राला आगीची ती चाचणी नसते. त्यामुळे एसए हेल्मेटच घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन.

डोक्यावरची जागा

हेल्मेट आणि छत यांच्यामध्ये निदान तीन बोटं आडवी मावली पाहिजेत. उंचवट्यावरून गाडी उसळली की पट्टा घट्ट असूनही शरीर थोडं वर जातं. उघड्या छताच्या गाडीत मागच्या रोल बारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत एक सरळ काठी धरा. हेल्मेट तिच्या खाली साधारण ५ सेंटिमीटर राहिलं पाहिजे. अनेक ट्रॅकवर ही तपासणी झाल्याशिवाय आत सोडत नाहीत.

ही अडचण निष्णात चालकांनाही आली आहे. सहा फूट चार इंच उंचीचा अमेरिकन रेसर डॅन गर्नी १९६७ साली फ्रान्समधल्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी फोर्ड जीटी४० मार्क ४ या रेसिंग कारमध्ये बसला, तेव्हा हेल्मेटसह त्याचं डोकं मावेना. शेवटी त्याच्या बाजूच्या छताला चक्क फुगवटा काढावा लागला. ती शर्यत त्याने ए. जे. फॉयटच्या जोडीने जिंकली.

आपल्याला छत कापायचं नाही. सीट सगळ्यात खाली घ्या. पुरलं नाही तर सीटची पाठ एक-दोन खाचा मागे करा. त्याने डोकं खाली येतं आणि नजरही सरळ समोर येते, पण मान आणि पाठ यांच्यातला कोन तेवढाच राहतो. म्हणून सीटची पाठ मागे करणं हा अर्धाच उपाय आहे. त्यानंतरही जागा नसेल तर सीटखालची रेल बदलून बुटके ब्रॅकेट लावतात किंवा गादीतला फोम कापून कमी करतात. माझदा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारच्या उंच मालकांमध्ये फोम कापणं सर्रास चालतं. मात्र सीटखाली आणि गादीत एअरबॅगच्या व सेन्सरच्या तारा असू शकतात. हे काम माहीतगार मेकॅनिककडूनच करून घ्या.

डोक्यामागची जागा

हेडरेस्ट पुढे-मागे सरकत असेल तर पूर्ण मागे घ्या. सरकत नसेल, किंवा सीटच्या पाठीला एकसंध जोडलेलं असेल (स्पोर्ट्स सीटमध्ये बहुधा असंच असतं), तर उलटा विचार करायचा: डोकं मागे जात नाही, तर खांदे पुढे आणा. पाठीच्या वरच्या भागामागे दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा कडक फोम ठेवला की हेल्मेटला मागे जागा मिळते आणि मान सरळ होते. उपाय साधा आहे, पण सगळ्यात जास्त आराम यानेच मिळतो. फोम कडकच हवा. मऊ उशी धडकेत दबते आणि पट्टा सैल पडतो. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर ती बाजू झाकू नका.

काहीजण हेडरेस्ट काढून उलटं बसवतात. हेल्मेट असताना त्याने सोय होते, पण हेल्मेटशिवाय मागे मोठी पोकळी राहते आणि ती धोक्याची आहे.

हात, पाय आणि पट्टा

आता खांदे सीटला टेकलेले ठेवून हात पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाठीमागे फोम घातला असेल तर ही मापं बदललेली असतात, तेव्हा पुन्हा तपासा.

साधा तीन बिंदूंचा पट्टा असेल तर सीट थोडी मागे सरकवा, पट्टा लावून जोरात झटका द्या म्हणजे तो अडकेल, आणि मग सीट पुढे घ्या. कंबर जागेवर धरली गेली की वळणात स्टिअरिंगला लोंबकळावं लागत नाही, आणि मानेवरचा बराच ताण त्या लोंबकळण्यातूनच येत असतो.

हार्नेस (खांदे आणि कंबर दोन्ही आवळणारा रेसिंगचा पट्टा) असेल तर कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसवा. हार्नेस शरीराला ताठ धरून ठेवतो, गाडी उलटली तर खाली वाकता येत नाही. म्हणून रोल बार नसलेल्या गाडीत तो लावू नका. फॉर्म्युला वनमध्ये २००३पासून सक्तीचं झालेलं हान्स उपकरण (खांद्यांवर बसणारी, हेल्मेटला जोडलेली कॉलर, जी धडकेत डोकं पुढे झेपावू देत नाही) हार्नेसबरोबरच चालतं, साध्या पट्ट्याबरोबर नाही. ते वेगवेगळ्या कोनांत मिळतं: सरळ बसण्याच्या सीटला २० अंशांचं, रेललेल्या सीटला ३० अंशांचं. कोन चुकला तर त्याची कॉलर टोचते आणि मान पुन्हा पुढे जाते. सीट विकत घेतानाही हान्स घालूनच बसून बघा.

दुखतं कुठे ते ऐका

आरसे नव्या नजरेप्रमाणे लावा. डोक्याला दोन्ही बाजूंनी पंख असलेली सीट असेल तर मान वळवून बाजूचं किती दिसतं ते पाहा. मग तसंच पंधरा मिनिटं बसून राहा. मानेच्या मागे ओढ लागली तर हेडरेस्ट अजून ढकलतं आहे. कपाळ ठणकलं तर हेल्मेट लहान आहे, सीटचा दोष नाही. गाडी चालवल्यावर मानेच्या कडा आणि हाताचे पंजे दुखले तर सीट खांद्यांना आणि कमरेला पुरेसं धरत नाही. बाजूच्या फटीत कडक फोम भरून पुन्हा बघा.

शेवटी पट्टा सोडून, हेल्मेट न काढता, दोन-तीनदा गाडीतून बाहेर पडून बघा. हेल्मेट चौकटीला कुठे अडतं ते शांतपणे उभ्या गाडीतच कळलेलं बरं. आणि ट्रॅकवरून रस्त्यावर निघण्याआधी पाठीमागचा फोम काढा, हेडरेस्ट आणि पाठ मूळ जागी आणा, आरसे पुन्हा लावा.