युवा विनिमयाच्या कामात नव्याने येताय? आधी विमानाचं बोला

आंतरराष्ट्रीय युवा विनिमयाच्या, म्हणजे परदेशी तरुणांना काही दिवस इथे राहायला बोलावण्याच्या कामात नवीन आलेली पोरं नागपुरात बैठकीला बसली की पर्यावरणासाठी पहिली सूचना ठरलेली: स्टीलचे पेले आणू, कापडी बॅनर लावू. आणा ना. पण जर्मनीहून इथे येऊन परत जाणाऱ्या एका पाहुण्याच्या विमानप्रवासातून टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि भारतात दरडोई वर्षभराचं उत्सर्जनच जेमतेम दोन टन आहे. पेल्यांचा हिशेब त्यापुढे कुठे लागतो?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं, म्हणजे इकाओचं कार्बन कॅल्क्युलेटर इंटरनेटवर फुकट आहे. अनुदानाचा अर्ज लिहिण्याआधी त्यात मार्ग टाकून आकडा काढा. युरोपातून येणाऱ्यांचं विमान काही टळत नाही. मग आलेला माणूस जास्त दिवस राहील एवढंच आपल्या हातात उरतं. दहा दिवसांचे दोन कार्यक्रम करण्यापेक्षा तीन आठवड्यांचा एकच करा, यासाठी मी दरवेळी भांडते. पूर्वतयारीची बैठक ऑनलाइनच घ्या. तेवढ्यासाठी कोणाला बोलावणं ही निव्वळ उधळपट्टी.

मुंबईत उतरलेल्यांना पुढे दुरांतो रात्रीतून नागपूरला आणते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं; व्हिसा हातात पडेपर्यंत थांबलात, तर वेटिंग लिस्ट बघत बसाल. युरोपच्या इरॅस्मस प्लस या अनुदान योजनेत रेल्वे-बसने जाणाऱ्यांना प्रवासाचे जास्त पैसे मिळतात, पण मुख्य प्रवास तसा असेल तरच. विमानाने येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून रेल्वेभाडं आणि जास्तीचा प्रवासाचा दिवस बजेटमध्ये वेगळा मागा. सेवाग्रामलाही एसी बस कशाला? रेल्वेने तासाभराचा रस्ता.

कार्यक्रम मे महिन्यात ठेवू नका. पारा ४५ च्या वर गेला की पाहुण्यांच्या खोलीतला एसी दिवसरात्र चालतो, आणि आपली वीज कोराडी-खापरखेड्याच्या केंद्रांतली, कोळशावरची. डिसेंबरात पंखासुद्धा लागत नाही, वर संत्री असतात. जेवणात पाटोडी-रस्सा, भाकरी ठेवा. पास्ता शोधत फिरू नका, पोरं आवडीने खातात. पाण्याच्या बाटल्यांचे खोके मात्र पोटाच्या धास्तीने येतातच. त्याऐवजी यजमान घरी फिल्टर आहे का, हे आधी विचारा आणि प्रत्येकाला स्वतःची बाटली आणायला कळवा.

वृक्षारोपणाचा आग्रह कोणीतरी धरेलच. फोटो छान येतात. डिसेंबरात लावलेल्या रोपाला एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार, त्याचं नाव ठरलं नसेल तर कार्यक्रमपत्रिकेतून ते सरळ काढून टाका.