मगर-छाप कातड्यापासून घड्याळाचा पट्टा

मगर, अजगर किंवा घोरपड यांच्या खवल्यांची नक्षी हाताने वस्तू बनवणाऱ्या कोणालाही भुरळ घालते, परंतु नाशिकमध्ये माझ्याकडे हे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वांत आधी हेच सांगतो, की हे तिन्ही प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परवान्याशिवाय त्यांचे कातडे बाळगणे, विकणे किंवा त्याची वस्तू करणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे कच्चे कातडे परदेशातून मागवण्याची वाटही जानेवारी २०१७ पासून आयातबंदीने बंद झाली आहे. जुन्या वाड्यात सापडले, असे सांगून कोणी घोरपडीचे कातडे स्वस्तात देऊ लागला, तर मोह टाळावा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आपण वापरायचे ते म्हशीचे किंवा शेळीचे कमावलेले कातडे, ज्यावर तापवलेल्या साच्याच्या दाबाने मगरीची नक्षी उठवलेली असते. मुंबईत धारावीच्या बाजारात ते सहज मिळते. ते घेताना नक्षी नीट पाहावी. साच्याची नक्षी ठरावीक अंतराने हुबेहूब पुन्हा येते, तर खऱ्या मगरीच्या अंगावरचे दोन खवले कधीच तंतोतंत सारखे नसतात आणि त्यांवर बारीक ठिपक्यासारखे छिद्र दिसते. सापाच्या खऱ्या खवल्याची मागची कड मोकळी असल्यामुळे उलट्या दिशेने बोट फिरवले की ती अडकते. छापलेल्या कातड्यावर बोट सरळ निघून जाते.

पट्ट्याचे सौंदर्य नक्षीचा कोणता भाग निवडला यावर ठरते, म्हणून या पायरीवर घाई करू नये. पुठ्ठ्यात पट्ट्याच्या मापाची खिडकी कापावी (घड्याळाकडे २० मिमी आणि बकलाकडे १८ मिमी रुंदी पुरते) आणि ती कातड्यावर हळूहळू सरकवत राहावी. मोठे चौकोनी खवले घड्याळाच्या बाजूला आणि लहान खवले टोकाकडे येतील अशी जागा मिळाली, की तेथे खूण करावी. दोन्ही तुकड्यांच्या मधोमध खवल्यांची एकच रांग यावी. ती दोन मिलिमीटर जरी सरकली, तरी मनगटावर लगेच जाणवते. कापताना लोखंडी पट्टी घट्ट धरून धारदार रापी (कातडे कापायची सुरी) एकाच दमात ओढावी.

यानंतर कडा मागच्या बाजूने सोलून पातळ कराव्या लागतात आणि बहुतेक काम बिघडते ते येथेच. खवल्यांमधल्या खाचेत कातडे आधीच पातळ असते. सुरुवातीच्या काळात मी दीड मिलिमीटरचे कातडे सोलत सोलत अर्ध्यावर नेले आणि पट्टा वाकवताच खाचांतून पलीकडचा उजेड दिसू लागला. तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे आणि शिकणाऱ्यांच्या हातात देतो. दर दोन-तीन फटक्यांनंतर कातडे खिडकीसमोर धरून वाकवून पाहावे आणि खाच फिकट दिसू लागली, की थांबावे.

आतून शेळीचे साधे पातळ कातडे अस्तर म्हणून लावावे. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत सुकू द्यावे आणि मग पट्टा मनगटाच्या गोलाईत धरूनच अस्तर बसवावे, कारण सपाट चिकटवलेल्या पट्ट्याच्या अस्तराला वापरताना सुरकुत्या पडतात. जेथे रंगाच्या चकचकीत थरावर काही चिकटवायचे असेल, तेथे तो थर आधी पॉलिश पेपरने खरवडावा, नाहीतर जोड सुटतो. नक्षीवर हातोडी मारू नये आणि उघडा चिमटाही लावू नये. दाबलेला खवला पुन्हा उठत नाही. चिमट्याच्या दोन्ही जबड्यांत जाड कातड्याचा तुकडा ठेवावा.

शिवण कडेपासून तीन मिलिमीटरवर आखून घ्यावी. आरीने छिद्रे पाडावीत आणि मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओवावा. टाका खाचेत पडला, तर दोरा जरा सैल ओढावा, कारण तेथे ताणलेला दोरा कातडे कापत जातो. कडा घासून त्यांवर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

पावसाळ्यात नाशिकच्या दमट हवेत कातड्यावर बुरशी चटकन येते, म्हणून तयार पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत बंद न ठेवता सुती कापडात गुंडाळावा आणि आठवड्यातून एकदा मोकळ्या हवेत ठेवून कोरड्या फडक्याने पुसावा. त्याला तेल चोळू नये. रंगाच्या थरातून ते आत शिरत नाही, फक्त खाचांत साचून धूळ धरते.