मोबाइलसाठी व्हिडिओ लहान करताना कीफ्रेमचं अंतर किती ठेवावं?

रिझोल्यूशन आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) ठरले आहेत, एनकोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, एक्स२६४ (x264) आहे, असं धरून चालतो. उरतं ते कीफ्रेमचं अंतर, म्हणजे एका कीफ्रेमपासून पुढच्या कीफ्रेमपर्यंतचं. ‘जितकं लांब तितकी फाइल लहान, आहे तसं सोडा’ हा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून तो ऐकू नका.

कीफ्रेम म्हणजे अख्खं चित्र. मधल्या फ्रेममध्ये मुख्यतः बदलच साठवलेले असतात. बोटाने पट्टी सरकवून मधेच कुठे गेलात, की प्लेअरला आधीच्या कीफ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं. बरेच प्लेअर तेवढं न करता थेट कीफ्रेमवरच जाऊन थांबतात.

एक्स२६४ मुळात २५० फ्रेमचं कमाल अंतर धरतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ते झाले १० सेकंद. सिनेमात हे खपून जातं, कारण दृश्य बदललं की एनकोडर स्वतःहून कीफ्रेम टाकतो. मी अडकलो ते व्याख्यानात. एकच कॅमेरा, एकच फळा, तासभर दृश्य बदलतच नाही. निसटलेलं वाक्य परत ऐकायला मागे जावं, तर दर वेळी भलत्याच मुद्द्यावर. सेकंदाला १० फ्रेमच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तर हेच अंतर २५ सेकंदांचं होतं.

मग मी ते अर्ध्या सेकंदावर आणलं. ते त्याहून वाईट निघालं. कीफ्रेम इतर फ्रेमच्या कितीतरी पट जागा खाते. बिटरेट तेवढाच, त्यामुळे बाकीच्या फ्रेमच्या वाट्याला काही उरेना, आणि फळ्यावरची अक्षरं दर अर्ध्या सेकंदाला पुसट-ठळक, पुसट-ठळक होऊ लागली.

म्हणून अंतर सेकंदांत ठरवा, फ्रेममध्ये नाही. व्याख्यानाला २ सेकंद, सिनेमाला ५ पर्यंत चालतं. मग फ्रेमदराने (सेकंदाला जितक्या फ्रेम, त्या आकड्याने) गुणा: २ सेकंदांसाठी २५ ला ५०, ३० ला ६०, २९.९७ लाही ६०च. मोबाइलवर चित्रित केलेल्या व्हिडिओचा फ्रेमदर बरेचदा कमीजास्त होत असतो. तो आधी स्थिर करून घ्या, नाहीतर हा हिशेब चुकतो. एनकोड करायला हँडब्रेक हा प्रोग्रॅम वापरत असाल तर आलेला आकडा ‘कीइंट’ला (keyint) द्या, एफएफएमपेग (FFmpeg) वापरत असाल तर ‘जी’ (-g) पर्यायाला.

दृश्यबदल ओळखण्याची सोय मात्र बंद करू नका. ती बंद करायला सांगतात ते समान तुकडे पाडून ऑनलाइन दाखवायच्या व्हिडिओसाठी. फोनमध्ये टाकायच्या फाइलला त्याची गरज नाही.

आता व्हिडिओतलं सगळ्यात कमी हालचालीचं मिनिट निवडा, तेवढंच एनकोड करून फोनवर टाका आणि पट्टी मागेपुढे ओढून बघा. संगणकावर नको, ज्या फोनवर बघणार त्यावरच.