सी.ई.टी. पदासाठीचा तांत्रिक अहवाल कसा लिहावा

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट म्हणून मान्यता मिळवायची, तर १९५७ साली स्थापन झालेल्या 'ओंटारिओ असोसिएशन ऑफ सर्टिफाइड इंजिनिअरिंग टेक्निशियन्स अँड टेक्नॉलॉजिस्ट्स' या संस्थेकडे अर्ज करावा लागतो. शिक्षणाची छाननी, कामाचा अनुभव आणि व्यावसायिक आचार व कायदा यांवरची परीक्षा टेक्निशियन आणि टेक्नॉलॉजिस्ट या दोन्ही पातळ्यांवर असते, परंतु 'सी.ई.टी.' (सर्टिफाइड इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट) हे पद मिळवू पाहणाऱ्याकडून संस्था तांत्रिक अहवालही मागत आली आहे. भारतातून पदवी किंवा पदविका घेऊन तिकडे गेलेले मराठी उमेदवार परीक्षेची तयारी नेटाने करतात आणि अहवाल मात्र 'इंग्रजी जरा सुधारू दे' असे म्हणत लांबणीवर टाकतात. इंग्रजी सुधारता येते, कोणाकडून तपासूनही घेता येते. अहवालाचा प्रश्नच धड ठरलेला नसेल, तर मात्र पुढची सारी मेहनत वाया जाते.

म्हणून सर्वाधिक वेळ विषयनिवडीला द्यावा. तपासनिसाला त्या प्रकल्पाची हकिगत नको असते. एखादी तांत्रिक समस्या समोर आली असता उमेदवार तिची माहिती कशी गोळा करतो, पर्याय कोणत्या निकषांवर तोलतो आणि निर्णयाची जबाबदारी कशी घेतो, हे त्याला पाहायचे असते. 'व्यावसायिक इमारतींमधील ऊर्जाबचत' हा विषय पुस्तकाचा झाला. 'कारखान्यातील नव्या पंपाची उभारणी' हाही विषय नव्हे, कारण त्यात काम झाले एवढेच कळते, काही ठरवावे लागले असे दिसत नाही. याउलट, 'एका कार्यालयीन इमारतीतील तापनव्यवस्थेच्या १५ किलोवॉट पंपाचा प्रवाह सध्या डिस्चार्ज व्हॉल्व्ह (पंपातून पाणी बाहेर पडते त्या बाजूची झडप) आवळून कमी ठेवला जातो. त्याऐवजी इम्पेलर (पंपातील पाणी ढकलणारे फिरते चाक) छाटावा, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे साधन) बसवावा की आहे तेच चालू द्यावे?' हा अहवालाचा विषय होतो. यात तीन पर्याय आहेत, मोजता येण्याजोग्या राशी आहेत आणि उत्तर आधीपासून ठरलेले नाही. विषय मनात आला की तो एका प्रश्नार्थक वाक्यात लिहून पाहावा. तसा लिहिता येत नसेल, तर तो अजून पिकलेला नाही असे समजावे.

लेखनाला बसण्यापूर्वी प्रस्ताव सादर करून संस्थेची संमती घ्यावी, आणि त्याच वेळी मार्गदर्शिकेची चालू आवृत्ती मिळवावी. मित्राने काही वर्षांपूर्वी वापरलेल्या आवृत्तीवर विसंबू नये. प्रस्तावात समस्या, व्याप्ती, विश्लेषणाची पद्धत आणि अपेक्षित फलित नेमकेपणाने मांडावे. व्याप्ती सांगताना काय वगळले आहे तेही लिहावे. वरच्या उदाहरणात बॉयलरची कार्यक्षमता आणि नळजोडणीची फेररचना विचाराबाहेर ठेवली असल्याचे एक वाक्य प्रस्तावात असले, की 'याचा विचार का केला नाही?' हा पुढचा आक्षेप आधीच मिटतो.

अहवालाचा जीव त्याच्या विश्लेषणात असतो, आणि बहुतेक अहवाल लंगडे पडतात तेही इथेच. आपल्या पंपाचेच पाहू. व्हीएफडीने पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ०.८ चा घन ०.५१२, आणि १५ किलोवॉटचे साधारण ७.७ किलोवॉट होतात. एवढे लिहून बरेच उमेदवार थेट बचतीच्या तक्त्याकडे वळतात. जाणकार तपासनीस मात्र तिथेच थांबतो. मोटरवर १५ किलोवॉट लिहिले आहे म्हणून ती तेवढीच शक्ती घेते असे नाही, तेव्हा प्रत्यक्ष मोजणी कुठे आहे? बंद चक्रातील पाण्याला उंची गाठायची नसल्याने घनाचा नियम बराचसा लागू पडतो हे खरे, पण नियंत्रणप्रणाली किमान दाबफरक राखत असेल, तर बचत त्या प्रमाणात कमी होते. ती किती कमी धरली? कडाक्याच्या थंडीत पाणी गोठू नये म्हणून चक्रात ग्लायकॉल मिसळलेले असेल, तर त्याची श्यानता (दाटपणा) जास्त आणि उष्णताधारकता कमी असते, मग उत्पादकाचा शुद्ध पाण्यावरचा पंप कर्व्ह (पंपाचा प्रवाह आणि दाब यांचा आलेख) जसाच्या तसा कसा वापरला? या प्रश्नांची उत्तरे अहवालातच असावीत. प्रत्येक गृहीतक वेगळे नोंदवावे, त्याचा आधार सांगावा आणि ते चुकले तर निष्कर्ष किती हलतो तेही दाखवावे.

खर्चाच्या हिशेबातही अशीच एक खोच आहे. मोठ्या ग्राहकांच्या वीजबिलात वापरलेल्या युनिटांबरोबर कमाल मागणीचाही, म्हणजे त्या महिन्यात एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक शक्तीचाही, आकार असतो. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेल्या सरासरी दराने बचत काढली, तर आकडा फुगतो, कारण सर्वाधिक थंडीच्या दिवशी पंप पूर्ण वेगाने चालला की त्या महिन्याची कमाल मागणी फारशी उतरत नाही. ऊर्जा आणि मागणी यांचे हिशेब वेगवेगळे मांडणारा उमेदवार त्या एका तक्त्यातच आपली पातळी दाखवून देतो.

निष्कर्ष आणि शिफारशी या दोन प्रकरणांची गल्लत करू नये. विश्लेषणातून जे सिद्ध झाले तो निष्कर्ष; त्यावरून कोणी, काय आणि कोणत्या क्रमाने करावे ती शिफारस. 'व्हीएफडीच्या पर्यायात वार्षिक ऊर्जावापर सर्वांत कमी राहतो' हा निष्कर्ष झाला. 'जुनी मोटर व्हीएफडीवर चालण्यास योग्य आहे का हे तपासूनच खरेदी करावी आणि उभारणीनंतर एक तापनहंगाम प्रत्यक्ष वापर मोजावा' ही शिफारस झाली. निष्कर्षात नवी माहिती अचानक उगवता कामा नये. पर्यायांच्या तुलनेअंती आहे तेच चालू ठेवणे योग्य ठरले, तर तसे निःसंकोच लिहावे. नकारार्थी उत्तरामुळे अहवालाचे मोल घटत नाही.

अहवालाला एकल लेखकत्वाचे घोषणापत्र जोडावे लागते, आणि आपल्याकडच्या कार्यसंस्कृतीत वाढलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. 'आम्ही केले' म्हणण्याची आपल्याला सवय असते. प्रकल्प चार जणांचा असला तरी अहवाल एकट्याचाच हवा. मोजणी सहकाऱ्याने केली असेल तर तिचे श्रेय त्याला द्यावे आणि स्वतःचे विश्लेषण स्वतःचे म्हणून स्पष्ट वेगळे ठेवावे. दुसरे म्हणजे, भारतात बी.ई. झालेली व्यक्ती स्वतःला सहज इंजिनिअर म्हणवते. ओंटारिओत 'प्रोफेशनल इंजिनिअर्स ॲक्ट'मुळे परवान्याशिवाय तसे म्हणवून घेता येत नाही, तेव्हा अहवालात स्वतःचे प्रत्यक्ष पदनाम लिहावे आणि परवानाधारक इंजिनिअरने मंजूर केलेला भाग तसा नमूद करावा. कंपनीचे आराखडे आणि आकडे वापरण्याची लेखी परवानगी सुरुवातीलाच मागावी. ती मिळाली नाही तर विषय बदलणे सोपे असते. अहवाल पूर्ण झाल्यावर तेच जिवावर येते.

मांडणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सोबतचे पत्र, मुखपृष्ठ, घोषणापत्र, सारांश, अनुक्रमणिका, आकृत्यांची यादी, प्रस्तावना, मुख्य भाग, निष्कर्ष, शिफारशी, संदर्भ आणि परिशिष्टे हा क्रम रूढ आहे. मार्गदर्शिकेत वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे. एकके एकाच पद्धतीची वापरावीत. प्रत्येक आकृतीला क्रमांक द्यावा आणि मजकुरात तिचा उल्लेख करावा. ज्या आकृतीचा मजकुरात कुठेच उल्लेख येत नाही ती काढून टाकावी. लांबलचक आकडेमोड परिशिष्टात जावी, मात्र एक नमुना हिशेब मुख्य भागात असावा.

सारांश सर्वांत शेवटी लिहावा. 'या अहवालात पंपाच्या ऊर्जाबचतीचा अभ्यास करण्यात आला आहे' या वाक्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. त्याऐवजी समस्या एका वाक्यात, पद्धत दुसऱ्यात, मिळालेला आकडा तिसऱ्यात आणि शिफारस चौथ्यात द्यावी. मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवताना कर्ता हरवलेल्या कर्मणी वाक्यांची रांग लागते; निर्णय कोणी घेतला हे जिथे महत्त्वाचे आहे, तिथे ती वाक्ये मोडून कर्ता पुढे आणावा.

अहवाल दुरुस्तीसाठी परत आला तर प्रत्येक शेऱ्याला क्रमांक द्यावा, त्यापुढे केलेला बदल आणि पान लिहावे, आणि हा तक्ता सुधारित प्रतीबरोबर पाठवावा. एखादा शेरा पटला नाही, तर त्याच तक्त्यात हिशेबासह कारण द्यावे.