रोमच्या स्वस्त हॉटेलात उतरताय? या चुका टाळा

तेर्मिनी या रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनभोवतीच्या एक-दोन ताऱ्यांच्या हॉटेलांबद्दल आपल्याकडच्या मंडळींच्या तक्रारी ऐकल्या की एक गोष्ट जाणवते. फसवणूक क्वचितच झालेली असते. गैरसमज मात्र खालच्या दरवाज्यापासूनच सुरू झालेला असतो. हॉटेल म्हटलं की आपल्याला स्वतंत्र इमारत, बाहेर ठळक पाटी आणि रात्रभर जागं असणारं रिसेप्शन अपेक्षित असतं. रोममधलं स्वस्त हॉटेल बहुधा राहत्या इमारतीचा एखादा मजला असतो. १८७१ मध्ये रोम इटलीची राजधानी झालं आणि नव्या सरकारी नोकरवर्गासाठी एस्क्विलिनो, कास्त्रो प्रेतोरिओ या भागांत मधे चौक असलेल्या उंच, जाड भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या मोठमोठ्या घरांत नंतर खोल्या पाडून हॉटेलं निघाली. खाली वकिलाचं ऑफिस, वर एखादं म्हातारं जोडपं, मधल्या मजल्यावर तुम्ही. हॉटेल असं घरात वसलेलं आहे हे लक्षात ठेवलं, तर पुढच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो.

पाटी शोधत फिरणं

पत्ता बरोबर, नकाशावरचा ठिपका बरोबर, आणि समोर नुसता बंद लाकडी दरवाजा. अशा वेळी दुकानांच्या वर पाहू नका, दरवाज्याशेजारच्या घंटांच्या फळीकडे पाहा. रहिवाशांच्या आडनावांमध्येच हॉटेलचं नाव बारीक अक्षरात असतं. एकाच इमारतीत तीन-चार हॉटेलं असणं इथे नेहमीचंच, त्यामुळे पहिली दिसेल ती घंटा दाबून वर गेलात तर भलत्याच रिसेप्शनवर उभे राहाल. बुकिंगच्या कागदावर मजला आणि जिन्याचं अक्षर दिलेलं असतं; चौकात दोन जिने असतील तर ‘स्काला ए’ की ‘स्काला बी’ हे महत्त्वाचं ठरतं.

लिफ्ट असेलच असं नाही, आणि असली तरी दोन माणसं आणि एक बॅग एवढीच तिची ऐपत. जुन्या लिफ्टला बाहेरचं जाळीचं आणि आतलं फळ्यांचं अशी दोन दारं असतात. तुम्ही चौथ्या मजल्यावर उतरून एखादं दार नीट लावलं नाही, तर लिफ्ट तिथेच अडकते आणि खाली उभी असलेली शेजारीण तुमच्या हॉटेलमालकाला फोन करते. सोबत सत्तरीचे आईबाबा असतील तर बुकिंगआधी निरोप पाठवून दोनच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पोहोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात? दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. लिफ्ट अनेकदा अर्धा जिना चढल्यावर सुरू होते.

बाहेर पडतानाही गंमत होते. मुख्य दरवाजा आतून ओढून उघडत नाही, भिंतीवरचं छोटं बटण दाबावं लागतं. जिन्यातला दिवा वेळ लावलेला असतो, मधेच विझतो. घाबरू नका, प्रत्येक मजल्यावर त्याचं बटण मिणमिणत असतं.

‘प्रायव्हेट बाथरूम’ वाचून निर्धास्त होणं

घराच्या खोल्या केल्या की प्रत्येक खोलीला न्हाणीघर कुठून येणार? म्हणून इथे तीन प्रकार आहेत: खोलीत जोडलेलं, सगळ्यांत मिळून एक, आणि खोलीबाहेर पण फक्त तुमच्या किल्लीचं. तिसऱ्या प्रकारालाही संकेतस्थळावर ‘प्रायव्हेट’ म्हणतात आणि ते खोटंही नसतं. रात्री दोन वाजता पायजम्यात व्हरांडा ओलांडायची तयारी नसेल, तर ‘बान्यो इन कामेरा’ म्हणजे खोलीतच आहे का, हे लेखी विचारून घ्या. पलंगांचंही तसंच. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे एक मोठा पलंग. दोन मित्रांना किंवा बहिणींना वेगळे पलंग हवेत तर ‘दुए लेत्ती’ असं लिहा.

बादली-तांब्याच्या सवयीने आंघोळ

सगळ्यांत महाग पडू शकणारी चूक ही. इथल्या न्हाणीघरात शॉवरच्या चौकटीबाहेर बहुधा मोरीच नसते, जमिनीला उतारही नसतो. शॉवरचा पडदा बाहेर ठेवून आंघोळ केली, की पाणी आधी दाराखालून खोलीत आणि मग खालच्या वकिलाच्या छतावर. पडदा चौकटीच्या आत घ्या.

कमोडशेजारचं बिडे, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीचं बुटकं भांडं, बघून लोक हसतात किंवा त्यात मोजे धुतात. आपल्याला खरं तर ते आवडायला हवं, कारण जेट स्प्रेची उणीव तेच भरून काढतं. इटलीत १९७५ च्या आरोग्य खात्याच्या आदेशाने प्रत्येक घरात किमान एका न्हाणीघरात बिडे असणं बंधनकारक केलं, म्हणून इतक्या अडचणीच्या जागेतही ते दिसतं. त्याच्याजवळ टांगलेला छोटा टॉवेल त्याच कामाचा. तोंड पुसायला दुसरा घ्या.

शॉवरजवळ एक दोरी लोंबत असते. ती दिव्याची नाही, पंख्याचीही नाही. आत कुणी घसरून पडलं तर मदतीला बोलवायची ती घंटा. चुकून ओढलीत तर रिसेप्शनला जाऊन सांगा, नाहीतर दारावर थापा येतील.

नळावर ‘सी’ अक्षर दिसलं की आपण थंड समजून हात पुढे करतो. इथे ‘सी’ म्हणजे काल्दो, गरम. थंडाचं अक्षर ‘एफ’. आणि पाणी मधेच गार झालं तर ते बिघडलंय असं लगेच ठरवू नका. लहान हॉटेलात टाकीचा गीझर असतो, तो दोघांच्या लांबलचक आंघोळीत रिकामा होतो. अर्धा तास थांबा. तरीही गारच असेल तर मात्र सांगा.

खोलीत स्वयंपाक

बॅगेत केटल, कुणाच्या तर छोटी इंडक्शन शेगडीसुद्धा, सोबत पोह्या-उपम्याची पाकिटं. शाकाहारी घरांची ही अडचण मला पूर्ण मान्य आहे, तरी खोलीत शिजवू नका. इटलीत घरगुती वीजजोडणी साधारण ३ किलोवॅटची असते आणि लहान हॉटेलांची वायरिंगही त्याच बेताने केलेली. २ किलोवॅटची केटल, शेजारच्या खोलीत हेअर ड्रायर आणि कुठे एसी हे एकत्र चाललं, की अख्ख्या मजल्याचा दिवा जातो. फोडणीचा वास व्हरांडाभर फिरतो तो वेगळाच, आणि धुराच्या घंटेला जिऱ्याची फोडणी आणि आग यांतला फरक कळत नाही. गरम पाणी हवं असेल तर न्याहारीच्या खोलीतून मागा, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.

भूक भागवायला पर्याय आहेत. कोपऱ्यावरच्या ‘पिझ्झा अल तालियो’च्या दुकानात पिझ्झा कापून वजनावर मिळतो, बटाट्याचा, नुसत्या टोमॅटोचा. पियाझ्झा व्हित्तोरिओजवळ जुन्या लष्करी बराकीत भरणाऱ्या एस्क्विलिनोच्या बाजारात डाळी, मसाले, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, भेंडी सगळं दिसतं, विकणारे बहुधा बांगलादेशी किंवा भारतीय. सकाळी जा, रविवारी तो बंद. आणखी एक: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच. चकली, भडंग, चटणी चालते.

प्लगचं थोडक्यात सांगतो. आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन गोल पिना बहुतेक ठिकाणी बसतात. तीन पिनांचा आपला प्लग बसणार नाही. इटलीचा तीन भोकांचा सॉकेट एका ओळीत असतो, तोही बारीक आणि जाड अशा दोन मापांचा. साधा ॲडॉप्टर पुरतो, व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे.

पैसे आधीच दिलेत म्हणून कर द्यायला नकार

काउंटरवरचे निम्मे वाद यावरून होतात. ‘कोन्त्रिबुतो दि सोज्जोर्नो’ हा महापालिकेचा मुक्काम-कर आहे, हॉटेलची वरकमाई नव्हे. ऑनलाइन दिलेल्या रकमेत तो सहसा धरलेला नसतो. ऑक्टोबर २०२३ पासून रोममध्ये माणशी, रात्रीमागे, एका ताऱ्याच्या हॉटेलला ४ युरो, दोन ताऱ्यांना ५, तीनला ६ असा दर आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ, आणि सलग दहा रात्रींपुढे लागत नाही. म्हणजे दोन ताऱ्यांच्या ठिकाणी नवरा-बायको चार रात्री राहिले तर ४० युरो जास्तीचे धरून चाला. रोख द्यावा लागला तरी पावती घ्या. मिलान, नापोली, फ्लोरेन्स यांचे दर वेगळे आहेत, रोमचा आकडा तिथे दाखवून भांडू नका.

कार्ड ओढताना मशीन विचारतं, रुपये की युरो? युरोच निवडा. रुपयांचा दर त्या मशीनमागची कंपनी ठरवते आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

खऱ्या लबाडीबद्दलही बोलायला हवं. प्रवासाच्या काही दिवस आधी हॉटेलच्या नावाने निरोप येतो की कार्डाची पडताळणी करा, नाहीतर बुकिंग रद्द. सोबत लिंक. कधीकधी हा निरोप बुकिंगच्या ॲपमधल्या संवादातूनच येतो, कारण हॉटेलचं खातं कुणीतरी चोरलेलं असतं. लिंक उघडू नका, हॉटेलला फोन करा. जागा खरी आहे का हे पाहायचं असेल तर जाहिरातीत ‘आयटी’ अक्षरांनी सुरू होणारा राष्ट्रीय ओळख क्रमांक शोधा. २०२५ च्या सुरुवातीपासून तो जाहिरातीत आणि दाराबाहेर लावणं बंधनकारक आहे.

पासपोर्ट द्यायला कुरकुर

पासपोर्ट मागणं ही मालकाची हौस नाही. १९३१ पासूनच्या कायद्यानुसार प्रत्येक पाहुण्याचं नाव २४ तासांत पोलिसांना कळवावं लागतं, आता ते ऑनलाइन होतं. पॅरिसहून किंवा झुरिकहून रोमला आला असाल तर ही नोंद तुमच्याच कामाची, कारण इटलीत आल्याची जी सूचना पाहुण्याने द्यायची असते तीच यातून पुरी होते. माहिती उतरवून झाली की पासपोर्ट परत मागा. तो रात्रभर काउंटरवर ठेवायचं कारण नाही.

व्हिसासाठी रद्द करता येणारं बुकिंग दाखवायचं आणि व्हिसा मिळाल्यावर ते रद्द करून मोकळं व्हायचं, ही युक्ती आपल्याकडे फार चालते. विमानतळावर उतरताना मुक्कामाचा कागद मागितला तर हातात काही नसतं. बदलायचं असेल तर आधी नवं बुकिंग करा, मग जुनं सोडा, आणि नवा कागद छापून जवळ ठेवा.

हीटर चालू होत नाही म्हणून भांडण

ऑक्टोबरअखेर रोमला गेलात, रात्री गारठलात, भिंतीवरचा रेडिएटर थंडगार. मालक कंजूष असेलही, पण बहुधा कारण कायद्यात सापडेल. १९९३ च्या नियमांनी इटलीचे हवामानानुसार भाग पाडले आहेत. रोममध्ये इमारतीचं हीटिंग १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाला १२ तास चालवता येतं. मिलानला ते १५ ऑक्टोबरला सुरू होतं. त्यामुळे वाद न घालता जास्तीचं ब्लँकेट मागा, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ते बहुधा असतंच. उन्हाळ्यात उलट. काही ठिकाणी एसीचे रोजचे वेगळे पैसे घेतात, तेव्हा आधी विचारा. दिवसा खिडकीच्या लाकडी झडपा बंद ठेवून बाहेर पडलात तर खोली संध्याकाळी बरीच सुसह्य असते. खिडक्यांना जाळ्या नसतात आणि रोममध्ये डास आहेत. ओडोमॉस बॅगेत असू द्या.

आवाजाचं गणित सरळ आहे. रस्त्याकडच्या खोलीत उजेड, शिवाय पहाटेपर्यंत स्कूटर आणि कचऱ्याच्या गाड्या. इमारतीच्या आतल्या चौकाकडची खोली अंधारी पण शांत. मी कधीही चौकाकडचीच मागेन.

शेवटच्या दिवशी तक्रार

ढेकूण, गळका नळ, मिळालेली भलतीच खोली, जे काही असेल ते पहिल्याच संध्याकाळी, फोटोसह, बुकिंगच्या संवादात लिहून सांगा. बॅग पलंगावर टाकण्याआधी गादीची शिवण उचलून पाहा, काळे ठिपके दिसले तर खोली बदलून घ्या. चार रात्री गप्प राहून निघताना पैसे परत मागितले तर कुणी ऐकत नाही. जागा भरली म्हणून ‘आमच्याच दुसऱ्या हॉटेलात’ पाठवत असतील तर निघण्याआधी तिथला पत्ता, मजला, न्हाणीघराचा प्रकार आणि जास्तीचे पैसे नाहीत हे लिहून घ्या.

पासपोर्टच गेला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या आणि मग भारतीय दूतावास गाठा. तो विया व्हेन्ती सेत्तेम्ब्रेवर ५ क्रमांकाला, तेर्मिनीपासून चालत जाण्यासारखा आहे.

पहाटेचं विमान आणि बंद काउंटर

रिसेप्शन रात्री बंद होतं, मालक घरी जातो. म्हणून आदल्या संध्याकाळीच हिशेब मिटवा, किल्ली कुठे ठेवायची ते विचारा आणि मुख्य दरवाज्याचं ते बटण एकदा दाबून पाहा. फ्युमिचिनो विमानतळाला जाणारी लेओनार्दो एक्स्प्रेस १४ युरोंची, साधारण अर्ध्या तासाची, पण ती रात्रभर धावत नाही. टॅक्सीचं भाडं जुन्या तटबंदीच्या आतून ५५ युरो ठरलेलं आहे; ते गाडीचं, माणशी नव्हे, आणि सामान त्यात आलं. चौघं असाल तर ट्रेनपेक्षा टॅक्सीच स्वस्त पडते.