रुग्णाची समजूत विचारायला शिकवताना

वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्णाची सांस्कृतिक पार्श्वभूमी लक्षात घेऊन उपचार करायला शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिल्याच वर्षी माझी मोठी चूक झाली. निरनिराळ्या समाजांच्या श्रद्धा आणि आजारपणाविषयीच्या कल्पना यांचा मी एक तक्ता केला आणि विद्यार्थ्यांनी तो परीक्षेपुरता पाठही केला. पुढे वॉर्डात एका विद्यार्थ्याने रुग्णाला "तुमच्यात हे चालत नाही ना?" असे विचारले. "तुमच्यात म्हणजे कुणात?" असे म्हणून रुग्णाने कूस बदलली आणि नंतर तो हो-नाहीपलीकडे काही बोलला नाही. तक्ता मी त्याच दिवशी बाजूला ठेवला.

हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांनी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या प्रश्नांपासून सुरुवात करावी: हा त्रास कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, तो तेव्हाच का सुरू झाला असावा, या आजारात तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? प्रश्न साधे आहेत. अवघड आहे ते विचारल्यावर गप्प बसणे. माझे विद्यार्थी उत्तर पुरे होण्याआधीच पुढचा प्रश्न टाकत, म्हणून मी त्यांना पेन खाली ठेवून ऐकायला लावते.

एका रुग्णाच्या केस पेपरवर "औषधे नियमित घेत नाही, सहकार्य नाही" असा शेरा होता. एका विद्यार्थिनीने खुर्ची ओढून कारण विचारले, तेव्हा त्यांनी उशीखालची पाकिटे काढून दाखवली: गोळ्या संपलेल्या होत्या, फक्त कॅप्सूल तशाच होत्या. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, आणि ते त्यांना वर्ज्य होते. तेच औषध गोळीच्या स्वरूपात मिळत होते. शेरा लिहिणाऱ्यांपैकी कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता (त्यात मीही होते).

दुभाष्याचा सराव मात्र वेगळा वेळ काढून घ्यावा. नातेवाईक सोयीचे वाटतात, पण रुग्ण दोन मिनिटे बोलल्यावर मुलगा "काही नाही, दुखतंय म्हणते" एवढेच सांगतो, तेव्हा मधले सगळे हरवलेले असते. लहान मुलांना तर या कामाला कधीच लावू नये. प्रशिक्षित दुभाषी असला तरी विद्यार्थ्याने नजर रुग्णाकडे ठेवावी, वाक्ये छोटी ठेवावीत आणि शेवटी रुग्णाकडूनच त्याच्या शब्दांत औषधे कशी घ्यायची ते वदवून घ्यावे.

मेलनी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये 'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती आत्मसात झाली असे कधीच न मानता स्वतःचे पूर्वग्रह आयुष्यभर तपासत राहावे, हा तिचा गाभा आहे. यावर व्याख्यान देऊन फारसे साधत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी मी केस पेपरवर 'रुग्णाच्या मते' असा रकाना ठेवला आणि त्याला गुण दिले. सुरुवातीला बहुतेक जण तिथे "विशेष काही नाही" असे लिहून आणतात. मी कागद परत देते आणि त्यांना पुन्हा खाटेपाशी पाठवते.